देश कोणता, त्याआधी अर्ज कोणाचा?

पत्राचा सारांश: पुण्यात राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वय 38, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मोटारींच्या बॉडी-डिझाइनमधला 15 वर्षांचा अनुभव. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसाच्या सोडतीत तीन वेळा त्यांचे नाव लागले नाही आणि सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यावर कंपनीने तो विषयच बंद केला. पत्नी 32 वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, आठ वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत नोकरी करणारी. तिच्याविषयी पत्रात "ती डिपेन्डन्ट म्हणून येईल" एवढेच वाक्य आहे. मुलगी पाच वर्षांची. वडील 71 वर्षांचे, कराडजवळच्या गावी एकटे राहतात. बहीण इचलकरंजीला असते. एका सल्लागार संस्थेने कॅनडाच्या "खात्रीच्या पीआर"साठी (म्हणजे कायम निवासासाठी) साडेचार लाख रुपये मागितले असून महिनाअखेरपर्यंत करार केल्यास पन्नास हजारांची सूट देऊ केली आहे. खर्चासाठी गावची दोन एकर जमीन विकण्याचा विचार आहे. वाचक विचारतात: अमेरिका नाही, तर मग कॅनडा, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणता देश सर्वांत चांगला?

तुमच्या चार पानी पत्रात कॅनडाबद्दल दीड पान आहे, जर्मनीबद्दल एक पान आहे आणि पत्नीबद्दल एक वाक्य आहे. उत्तराची सुरुवात मी त्या एका वाक्यापासून करणार आहे, कारण मला वाटते की तुमच्या घरातला सर्वांत भक्कम अर्ज त्याच वाक्यात राहून गेला आहे.

त्याआधी अमेरिकेविषयी थोडे. सोडतीत तीनदा नाव न लागल्याने आपल्यातच काही कमी आहे, असा सूर तुमच्या पत्रात दोन-तीन ठिकाणी जाणवतो. त्या सोडतीत वर्षाला 85,000 जागा असतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. तिथे नाव न लागणे हा तुमच्या कामावरचा शेरा नाही. शिवाय नाव लागून तुम्ही गेला असतात, तरी नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांवर कोणत्याही एका देशासाठी असलेल्या सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतीयांच्या रांगेत कित्येक वर्षे उभे राहावे लागले असते. नोकरी गेल्यास दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत, आणि मुलांची एकविसाव्या वर्षी डिपेन्डन्ट म्हणून असलेली पात्रता संपणे, हे त्या वाटेवरच्या अनेक कुटुंबांनी सोसलेले आहे. म्हणून उरलेल्या देशांकडे अमेरिकेऐवजी पत्करलेली तडजोड म्हणून पाहू नका, अशी माझी विनंती आहे. तशा नजरेने निवडलेल्या देशात माणूस पाच वर्षांनीही पाहुण्यासारखाच राहतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. "सर्वांत चांगला देश" ही कल्पना मला पटत नाही, कारण हे तीनही देश वेगवेगळ्या गोष्टी तोलतात आणि अर्जात मुख्य अर्जदार म्हणून कोणाचे नाव आहे, यावर त्यांचे माप बदलते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर कायम निवासासाठी माणसे निवडणाऱ्या पद्धतीत, जोडप्याने अर्ज केल्यास मुख्य अर्जदाराच्या वयाला 38 व्या वर्षी 55 गुण मिळतात आणि 32 व्या वर्षी 85. चाळिशीनंतर हे गुण वेगाने घसरतात आणि पंचेचाळिशीला शून्यावर येतात. ऑस्ट्रेलियात 25 ते 32 या वयाला 30 गुण आहेत, 33 ते 39 ला 25 आणि 40 ते 44 ला 15. पंचेचाळीस पूर्ण झाली की दार बंद. पत्नीला लवकरच 33 वे वर्ष पूर्ण होईल, तुम्हाला दोन वर्षांनी चाळीस. म्हणजे कॅलेंडर तुमच्या दोघांच्याही विरुद्ध चालले आहे, पण ते सारख्या वेगाने चाललेले नाही.

वय हा तर लहान भाग झाला. मोठा भाग व्यवसायाचा आहे. कॅनडाने 2023 पासून विशिष्ट व्यवसायांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या काढायला सुरुवात केली आणि त्यांत आरोग्यसेवेला ठळक जागा आहे. ऑस्ट्रेलियातही परिचारिकांच्या अर्जांना पुढे घेतले जाते. जर्मनीत तर रुग्णालये आणि वृद्धाश्रम परिचारिकांसाठी बाहेरच्या देशांत माणसे शोधत फिरतात. आणखी एक गोष्ट बहुतेक कुटुंबांना उशिरा कळते. एनसीएलईएक्स-आरएन ही परीक्षा अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत परिचारिकेच्या परवान्यासाठी लागते, आणि ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत भारतीय परिचारिकांना लेखी टप्पा म्हणून तीच द्यावी लागते; ऑस्ट्रेलियासाठी त्यानंतर तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. ही लेखी परीक्षा भारतात बसून देता येते. एका परीक्षेच्या अभ्यासाने तीन देशांची वाट उघडते, असा दुसरा व्यवसाय मला चटकन आठवत नाही.

"पण मग मी डिपेन्डन्ट होणार," असे तुम्हाला वाटले असेल, तर त्या शब्दाचा कायद्यातला अर्थ पाहा. एक्स्प्रेस एन्ट्रीतून किंवा ऑस्ट्रेलियाच्या 189 आणि 190 या कायम निवासाच्या व्हिसांवर गेल्यास जोडीदारालाही कायम निवास मिळतो आणि कोणतीही नोकरी करण्याचा तोच हक्क मिळतो. तुम्ही तिच्या अर्जावर गेलात, म्हणून तुमचा इंजिनिअरिंगचा अनुभव कोणी काढून घेत नाही. उलट ऑस्ट्रेलियात जोडीदाराचेही कौशल्य-मूल्यांकन झालेले असेल आणि इंग्रजी पुरेसे असेल, तर मुख्य अर्जदाराला 10 गुण जास्त मिळतात. मात्र तुमचे मूल्यांकन सोपे जाणार नाही. वॉशिंग्टन करार हा इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार; भारत त्यात 2014 मध्ये आला आणि तुमची पदवी त्याआधीची आहे; त्यामुळे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला तुम्हाला स्वतःच्या कामाचा सविस्तर अहवाल लिहून द्यावा लागेल, त्यात तीन प्रकल्पांची हकिगत असते. तो अहवाल तयार विकत मिळतो, तो घेऊ नका. नक्कल सापडली तर पुढची वाटही बंद होते.

मात्र एवढे सगळे लिहिल्यावर मला भीती वाटते ती अशी, की आज रात्री तुम्ही पत्नीला सांगाल, "आता तू एनसीएलईएक्सचा अभ्यास सुरू कर." तसे करू नका. तिला जायचे आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आयसीयूत आठ वर्षे नाइट ड्युटी केलेल्या माणसाला कदाचित ते काम कायमचे सोडायचे असेल, आणि तसे असेल तर माझे वरचे सगळे गणित कोलमडते. मग ते कोलमडू द्यावे. तिला तेच काम हवे असेल, तर त्याचे स्वरूप देशागणिक कसे बदलते, हे तिला आधी कळायला हवे.

माझ्या परिचयातील एक सिस्टर पुण्यातल्या आयसीयूतून जर्मनीला गेल्या. इथे व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की डॉक्टर पोचायच्या आत हात कुठे जायला हवा, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. तिथे शिक्षणाला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत त्या मदतनीस म्हणून कमी पगारावर होत्या आणि त्यांची सकाळ सुरू व्हायची ती एका वृद्ध गृहस्थांना अंघोळ घालून, दाढी करून, ब्रेडला लोणी लावून भरवण्याने. आपल्याकडे ही कामे मावशी किंवा नातेवाईक करतात. जर्मनीत ती परिचारिकेचीच कामे आहेत आणि त्यांत कमीपणा मानला जात नाही. त्या सिस्टरांना पहिले सहा महिने रोज आपली पायरी उतरल्यासारखे वाटले. पुढे तेच गृहस्थ त्यांचे जर्मन उच्चार सुधारू लागले आणि हळूहळू काम आवडूही लागले. पण हे कोणी आधी सांगितले असते, तर ते सहा महिने इतके जड गेले नसते, असे त्या आजही म्हणतात. जर्मनीत परिचारिकेला साधारणपणे बी-2, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची भाषा लागते. पाळ्या सांभाळून तिथपर्यंत पोचायला मी दीड ते दोन वर्षे धरीन, आणि "सहा महिन्यांत बी-2" असे सांगणाऱ्या क्लासपासून लांब राहीन.

कॅनडाचा पेच वेगळा आहे. तिथे प्रांताचा परवाना नसतानाही पीआर मिळू शकते, पण परवान्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे पीआर हातात असलेल्या कित्येक परिचारिका परवान्याची वाट पाहत मदतनिसाची कामे करतात. परवान्याची प्रक्रिया इथूनच, नोकरीत असताना सुरू केली, तर ही फरपट बरीच टळते.

तुमच्या स्वतःच्या व्यवसायासाठी मात्र मी जर्मनीचेच नाव आधी घेईन, आणि लगेच एक इशाराही देईन. ईयू ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या निवास-परवान्यासाठी, 2026 मध्ये वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट 50,700 युरो आहे. इंजिनिअरिंगसारख्या माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना ती सुमारे 45,934 युरो इतकी खाली येते. पदवीला मान्यता आहे का, हे अनाबिन या सरकारी माहितीकोशात घरबसल्या पाहता येते. ब्लू कार्ड मिळाल्यावर बी-1 (मध्यम) जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत आणि ए-1 (अगदी प्राथमिक) येत असेल तर 27 महिन्यांत कायम निवासाचा परवाना मागता येतो, आणि पत्नीला तिथे पोचल्यापासून काम करण्याची मुभा असते. ऑफर नसताना नोकरी शोधायला जाण्यासाठी 1 जून 2024 पासून चान्सेनकार्ट हा परवाना आहे. त्यात किमान सहा गुण लागतात, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, पण कुटुंब बरोबर नेणे अवघड असते. मुलीचे वय पाहता मी तुम्हाला ती वाट सुचवणार नाही.

इशारा असा: तुमचे कौशल्य मोटारींचे आहे आणि जर्मनीचा मोटार उद्योगच सध्या आखडतो आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेबरोबर जो करार केला, त्यानुसार 2030 पर्यंत तिथल्या 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी व्हायच्या आहेत. तुमचे बॉडी-डिझाइनचे कौशल्य रेल्वेचे डबे, शेतीची यंत्रे, वैद्यकीय उपकरणांची आवरणे यांतही चालते. अर्ज करताना त्या बाजूलाही पाहा आणि बायोडेटातील "ऑटोमोटिव्ह" हा शब्द थोडा मागे ठेवा. आणखी एक सोपी वाट तुम्ही पत्रात ओलांडून गेला आहात. तुमच्या कंपनीचा ग्राहक श्टुटगार्टजवळ आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासंबंधी 2024 मध्ये करार केला आहे. पण त्या करारापेक्षा तुमच्या मॅनेजरकडे तीन महिन्यांच्या डेप्युटेशनसाठी केलेली साधी विनंती तुम्हाला अधिक उपयोगी पडेल. तीन महिन्यांचा एक हिवाळा तिथे काढून आलात, तर इंटरनेटवरच्या शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. मुलीच्या दृष्टीने इतकेच लक्षात ठेवा, की बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मुलांची शाळा वेगवेगळ्या वाटांना लागते. त्यामुळे जायचेच असेल, तर ती पहिली-दुसरीत असताना गेलेले बरे, म्हणजे भाषा तिच्या अंगात मुरायला वेळ मिळेल.

मुख्य अर्जदार म्हणून तुम्हाला कॅनडा अवघड जाईल, हे स्पष्ट सांगायला हवे. मार्च 2025 पासून तिथे नोकरीच्या ऑफरचे जास्तीचे गुण बंद झाले आणि 2025 साठी पाच लाख कायम रहिवासी घेण्याचे उद्दिष्ट सरकारने 3,95,000 वर आणले. 2026 साठी ते आणखी कमी आहे. तिथे गेल्यावरही प्रांताच्या परवान्याशिवाय स्वतःला "इंजिनिअर" म्हणवून घेता येत नाही. इतर वाचकांपैकी ज्यांनी कधी शाळा-कॉलेजात फ्रेंच घेतले असेल, त्यांनी मात्र ते झटकून पुन्हा हाती घ्यावे, कारण फ्रेंच जाणणाऱ्यांच्या फेऱ्यांत लागणारे गुण बरेच खाली असतात. ब्रिटनविषयी तुम्ही विचारलेले नाही. जुलै 2025 पासून तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगाराची अट 41,700 पौंड झाली आहे आणि कायम निवासासाठीचा काळ पाच वर्षांवरून दहा करण्याचा सरकारचा इरादा आहे, एवढे सांगून मी पुढे जाते.

आता वडील. "सेटल झाल्यावर त्यांना बोलावून घेऊ," असे तुम्ही लिहिता. हे वाक्य परदेशी गेलेल्या बहुतेक मुलांनी म्हटलेले असते आणि अगदी मनापासून म्हटलेले असते, म्हणून त्याचे कागद पाहू. ऑस्ट्रेलियात पालकांच्या कायम व्हिसासाठी किमान निम्मी अपत्ये तिथे स्थायिक असावी लागतात. तुम्ही दोघे भावंडे असल्याने ती अट कशीबशी पूर्ण होते. पण लवकरच्या म्हणवल्या जाणाऱ्या वर्गात एका पालकामागे सुमारे 48,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरूनही दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते, आणि वडील आज 71 वर्षांचे आहेत. कॅनडाचा सुपर व्हिसा त्या मानाने माणुसकीचा आहे: एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र तुमचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर लागते आणि त्यांचा किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. जर्मनीने मार्च 2024 नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना आणण्याची मुभा दिली आहे, पण त्यांच्या आरोग्य विम्याची अट पार करणे या वयात फार कठीण जाते. या तीनही वाटांच्या आधी एक साधे काम राहिले आहे. वडिलांना गाव सोडायचे आहे का, हे त्यांना कोणी विचारले आहे का? ते नको म्हणाले, तर त्यांची रोजची औषधे, दवाखाना, बँक आणि एकटेपण हे सगळे बहिणीवर येणार आहे. ती इचलकरंजीला आहे एवढ्यावर तिचा होकार गृहीत धरू नका. तिच्याशी खर्चाचे आणि जबाबदारीचे बोलणे जाण्याआधी, समोरासमोर बसून करा.

जमिनीबद्दल माझे मत अगदी ठाम आहे. ती विकू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन खरेदी करता येत नाही. पुढे परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) घेतलेत, तरी शेतजमीन फक्त वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ही वेळ तुमच्यावर येऊ शकते. परत आलात, तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावे लागते, आणि सातबाऱ्यावरचे नाव एकदा गेले की ते सिद्ध करणे किती कष्टाचे असते, हे गावात विचारा. कॅनडाला तिघांच्या कुटुंबासाठी जुलै 2025 पासून 23,360 कॅनेडियन डॉलर, म्हणजे सुमारे 15 लाख रुपये, स्वतःचे आणि कर्ज न काढलेले दाखवावे लागतात. ही रक्कम दोन पगारांतून दोन वर्षांत उभी राहत नसेल, तर जाण्याची तारीख पुढे ढकला.

त्या सल्लागार संस्थेविषयी. पीआरची खात्री कोणीही देऊ शकत नाही, कारण कोणत्या फेरीला किती गुण लागतील, हे सरकार त्या दिवशी ठरवते. एक्स्प्रेस एन्ट्रीत नाव नोंदवायला एक पैसाही लागत नाही आणि तो फॉर्म तुमच्यासारखा माणूस दोन संध्याकाळी भरू शकतो. मदत हवीच असेल, तर कॅनडासाठी तिथल्या सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या वैधानिक संस्थेच्या यादीत आणि ऑस्ट्रेलियासाठी मारा या नोंदणी प्राधिकरणाच्या यादीत त्या व्यक्तीचे नाव आहे का ते आधी पाहा. संस्थेचे नाव नव्हे, तुमचा अर्ज प्रत्यक्ष हाताळणाऱ्या माणसाचे नाव. महिनाअखेरच्या सवलतीचे कारण त्यांचे टार्गेट असू शकते. तुमच्या गुणांशी तिचा काही संबंध नाही.

दोघांचे एकमत झाले, तर येत्या काही महिन्यांत कागदांची कामे उरकून घ्या, कारण देश कोणताही ठरला तरी ती लागणारच आहेत. पत्नीचे ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून आणि नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून मागवावी लागते. दोन्हींना वेळ लागतो. तिच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि मग वडिलांचे नाव असेल, पासपोर्टवर तुमचे नाव आणि तुमचे आडनाव असेल. परदेशातल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बाया वाटतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढा आणि नावाच्या बदलाची राजपत्रात नोंद करून घ्या. मी पाहिलेल्या अर्जांत सर्वांत जास्त महिने याच एका कारणाने वाया गेले आहेत. तुम्ही जुन्या कंपन्यांकडून फक्त रिलिव्हिंग लेटर घेतले असेल, तर ते पुरणार नाही. कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेले पत्र लागते, आणि जुना मॅनेजर अजून त्या कंपनीत आहे तोवरच ते मिळवणे सोपे असते. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल साधारण दोनच वर्षे चालतो, म्हणून ती परीक्षा सगळ्यांत शेवटी द्या.

महिनाअखेरच्या त्या करारावर सही करू नका. त्याऐवजी हे पत्र पत्नीला वाचायला द्या आणि तिला जायचे आहे का, कुठे, आणि परिचारिका म्हणूनच का, हे तिने तुमच्याशी न बोलता वेगळ्या कागदावर लिहावे, असे तिला सांगा. तिची हरकत नसेल, तर तो कागद मलाही पाठवा.